पहिलं फूल उसवू नका

मैत्रिणींनो,

गेल्या पंधरवड्यात एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, ‘ताई, मी छत्तीस वर्षांची आहे. मुलं शाळेत गेली की दुपारचे दोन तास मोकळे मिळतात. क्रोशाची फुलं शिकावीत असं फार दिवस मनात आहे. पण लहानपणापासून घरात सगळे म्हणतात, हिचा हात जड. सुई आणली, दोरा आणला, तीनदा बसले आणि तीनदा उसवलं. नणंदबाई हसल्या. आता या वयात जमेल का हो?’

पत्र वाचलं आणि मला माझीच शाळा आठवली. शिवणाच्या तासाला बाईंनी माझा रुमाल सगळ्या वर्गाला दाखवला होता, तोही कसा नसावा हे समजावं म्हणून! ‘हिचा हात जड आहे,’ असं त्या म्हणाल्या आणि मी ते खरं मानून बसले. लग्न झालं, मुली झाल्या, स्वयंपाकाला हात हलका, बाळाला न्हाऊ घालायला हात हलका, शंभर पापड लाटले तर एक फाटत नसे. पण सुई-दोरा समोर आला की मी आपली दोन पावलं मागे. छप्पन्नाव्या वर्षापर्यंत!

तेव्हा भगिनी, छत्तीस म्हणजे काहीच नाही. जड हात वगैरे काही नसतं. नवशिकीचं फूल बिघडतं ते तीन कारणांनी. दोरा नको तो घेतलेला असतो, दोरा नीट धरलेला नसतो आणि टाके मोजलेले नसतात. तिन्हींवर उपाय आहे. आज तेच बघू.

काय काय घ्यायचं

दुकानात गेलं की आपल्याला तो बारीक, चमकदार पांढरा दोरा मोह घालतो. तो आत्ता घेऊ नका. दोऱ्याच्या गुंड्यावर नंबर असतो आणि नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. वीस नंबरचा दोरा दहापेक्षा बारीक. पहिल्यांदाच वीस नंबर घेऊन बसलात तर टाका कुठे आहे तेच दिसणार नाही. सुरुवात करावी ती साध्या चारपदरी लोकरीवर. रंग फिका घ्या. पिवळा, गुलाबी, मोतिया, काहीही चालेल, पण काळा, निळा, जांभळा नको. गडद रंगात टाके लपतात. केसाळ, गुंतागुंतीची लोकर तर मुळीच नको.

सुई अॅल्युमिनियमची, चार मिलिमीटरची घ्या. सुईवर आकडा कोरलेला असतो, तो बघून घ्या. बारीक दोऱ्याच्या सुया पोलादी असतात, त्या पुढे लागतील. बाकी एक कात्री, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई आणि एक सेफ्टी पिन. सेफ्टी पिन विसरू नका, ती का लागते ते पुढे सांगते.

दोरा कसा धरायचा

उजव्या हातात सुई. पेन्सिलीसारखी धरा नाहीतर भाजी चिरायच्या सुरीसारखी, दोन्ही बरोबर आहेत. खरं काम डाव्या हाताचं असतं. लोकरीचा एक वेढा डाव्या करंगळीला घ्या, मग ती मधल्या बोटांखालून काढून तर्जनीवरून पुढे आणा. करंगळीचा वेढा म्हणजे नळाची चकती समजा. बोट आवळलं की दोरा थांबतो, सैल सोडलं की वाहतो. अंगठा आणि मधलं बोट यांत विणलेला भाग धरायचा. नवशिकी बायका सगळा जोर सुईच्या हातात देतात, मग टाका करकचून बसतो आणि पुढच्या वेळी सुई आतच शिरत नाही. सुई शिरायला त्रास झाला की समजावं, करंगळी फार आवळली आहे.

डावखुऱ्या मैत्रिणींनी सगळं उलट करायचं. सुई डाव्या हातात, दोरा उजव्या. शिकवणारीच्या शेजारी बसण्याऐवजी समोर बसा, म्हणजे आरशात बघितल्यासारखं बरोबर दिसतं.

पाच टाके, बस्स!

साखळी : सरकगाठ मारून फास सुईवर घ्या. सुईवर दोरा घ्या आणि तो फासातून ओढून बाहेर काढा. झाली एक साखळी. वीस साखळ्या घाला, उसवा, पुन्हा घाला. वेणीसारखी सारखी दिसायला लागेपर्यंत हेच करा. एक दुपार त्यात गेली तरी जाऊ दे. सुईवरचा फास साखळीत मोजायचा नाही, सुरुवातीची गाठही नाही.

सरकता टाका : सुई टाक्यात घाला, दोरा घ्या आणि टाका व फास दोन्हींतून एकदम बाहेर ओढा. हा जोडण्याच्या कामाचा.

मुका खांब : सुई टाक्यात घाला, दोरा ओढून आणा. सुईवर दोन फास झाले. पुन्हा दोरा घ्या आणि दोन्हींतून एकदम काढा.

अर्धा खांब : आधी सुईवर एक वेढा घ्या, मग सुई आत घाला, दोरा ओढून आणा. तीन फास झाले. दोरा घेऊन तिन्हींतून एकदम काढा.

खांब : सुरुवात अर्ध्या खांबासारखीच. तीन फास झाले की दोरा घेऊन आधी दोन फासांतून काढा, मग पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून.

एवढ्या पाच टाक्यांवर डोंगरभर फुलं होतात.

इथेच एक सावधगिरी सांगते. आपल्यापैकी पुष्कळजणी आता मोबाइलवर व्हिडिओ बघून किंवा इंग्रजी पुस्तकावरून करतात. चांगलंच आहे. पण अमेरिकेत ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणतात तो आपला मुका खांब, आणि त्यालाच इंग्लंडात ‘डबल क्रोशे’ म्हणतात! अमेरिकेतला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब, तो इंग्लंडात ‘ट्रेबल’ होतो. नमुना कुठल्या देशाचा आहे हे न बघता केलं की फूल निम्म्या उंचीचं नाहीतर दुप्पट उंचीचं होतं आणि दोष मात्र आपण आपल्या हाताला देतो.

पाच पाकळ्यांचं पहिलं फूल

पाच साखळ्या घाला. पहिल्या साखळीत सरकता टाका घालून गोल जोडा. एक लहानशी अंगठी झाली.

पहिली फेरी : एक साखळी घाला. आता अंगठीच्या भोकात सुई घालून दहा मुके खांब घाला. ही आधीची एक साखळी मोजायची नाही. दहा झाले की पहिल्या मुक्या खांबात सरकता टाका घालून जोडा.

दुसरी फेरी : दोन साखळ्या घाला. पुढच्या मुक्या खांबात तीन खांब घाला, एकाच घरात तिन्ही. पुन्हा दोन साखळ्या. त्याच्या पुढच्या मुक्या खांबात सरकता टाका. एक पाकळी झाली. असं आणखी चार वेळा करा. पाचव्या पाकळीचा शेवटचा सरकता टाका बरोबर सुरुवातीच्या घरात येईल.

वीतभर दोरा ठेवून कापा, टोक फासातून ओढून घट्ट करा आणि बोथट सुईने मागच्या बाजूला टाक्यांतून फिरवून लपवा. एकदा इकडे, एकदा उलट तिकडे फिरवा, म्हणजे धुतल्यावर सुटत नाही. गाठ मारून लगेच कापलं तर दोन धुण्यांत फूल हातात येतं.

हिशेब पाहा. एका पाकळीला दोन घरं लागतात, म्हणून पाच पाकळ्यांना दहा घरं. सहा पाकळ्या हव्या असतील तर बारा. एवढं कळलं की कुठल्याही नमुन्याच्या ओळी पाठ कराव्या लागत नाहीत.

माझं पहिलं फूल

आता माझी गोष्ट सांगते, कारण वरचं सगळं मी पुस्तकातून शिकलेले नाही.

२०११ साली माझ्या धाकटीचं लग्न ठरलं. रुखवताचं सामान काढताना माळ्यावरच्या ट्रंकेतून आईचं तोरण निघालं. आईने ते स्वतःच्या लग्नासाठी, १९५२ साली, स्वतः विणलेलं. पांढऱ्या बारीक दोऱ्याची चौदा फुलं आणि मध्ये साखळ्यांच्या कमानी. धाकटी म्हणाली, ‘माझ्या रुखवतात आजीचंच तोरण लावायचं.’ उलगडून बघतो तर उंदराने तीन फुलं कुरतडलेली!

आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. संधिवाताने बोटं वाकलेली, डोळ्यांना जेमतेम दिसायचं. सुई हातात धरवेना. बाहेर कुणाकडून करून घेऊ म्हटलं तर आई म्हणाली, ‘कशाला? तू आहेस की.’

मी म्हटलं, ‘आई, माझा हात जड आहे.’

‘कोण म्हणालं?’

बाईंचं नाव सांगितलं. आई जराशी हसली आणि म्हणाली, ‘त्या बाईंना एका तासात पन्नास मुली सांभाळायच्या होत्या. त्यांनी तुझा हात कधी बघितला?’

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी तिच्या खाटेवर बसायला लागले. गंमत अशी की आईला शिकवताच येत नव्हतं! ‘अगं, असं घ्यायचं आणि असं काढायचं,’ एवढंच. सगळं तिच्या बोटांत होतं, तोंडाने सांगायची कधी वेळच आली नव्हती. मग आम्ही एक युक्ती केली. कुरतडलेल्या तीन फुलांपैकी एक मी हळूहळू उसवायला घेतलं. एकेक टाका सुटताना बघायचा, मोजायचा, वहीत लिहायचा. शेवटून सुरुवातीपर्यंत असं ते फूल मी उलटं शिकले. माझी दहा घरं आणि दोन घरांची पाकळी त्या वहीतली आहेत. ‘बारीक दोऱ्यात चूक दिसत नाही, आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो,’ असं म्हणून आईने आधी लोकर आणायला लावली.

पहिलं फूल करायला मला दोन तास लागले. झालं आणि बघते तर पाच पाकळ्या होऊन एक घर उरलेलं. तिथे मी आपली एक अर्धी पाकळी कोंबून दिली. आई म्हणाली, ‘आण इकडे.’ तिने ते डोळ्यांजवळ नेलंसुद्धा नाही. अंगठ्याने मधल्या गोलावरून फिरवत फिरवत गेली आणि म्हणाली, ‘अकरा घातलेस. मध्ये उठली होतीस ना?’

उठले होते! कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून सुई तशीच ठेवून गेले, परत आले आणि सात झाले की आठ हे आठवेना.

मी ते उसवायला लागले तर तिने माझा हात धरला. ‘पहिलं उसवायचं नाही. ते ठेवायचं. दुसरं कर आणि दोन्ही शेजारी ठेवून बघ.’

मैत्रिणींनो, सगळ्या शिकवणीत हे एक वाक्य मला सोन्याचं वाटतं. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी तीनदा उसवलं, म्हणून त्यांना आपली चूक तीनदा पुसावी लागली पण एकदाही बघता आली नाही. वाकडं फूल समोर असलं की ते सांगतं, कुठे वाकडं झालं ते. आठवड्याने पाचवं फूल त्याच्या शेजारी ठेवा, मग कुणाच्या शाबासकीची वाट बघावी लागत नाही. आपलं आपल्याला दिसतं.

फूल काय सांगतं

फूल वाटीसारखं आत वळलं, तर टाके कमी पडले आहेत किंवा फार घट्ट आहेत. मोजून पाहा. टाके बरोबर असतील तर अर्धा मिलिमीटर मोठी सुई घ्या.

फुलाला झालरीसारख्या लाटा आल्या, तर टाके जास्त झाले आहेत.

पाकळ्या लहानमोठ्या आल्या, तर कुठेतरी खांब ओढताना फास कमीजास्त उंच राहिला आहे. सरावाने जातं.

शेवटी एक घर उरलं, तर अकरा घातलेत. घर कमी पडलं, तर नऊ.

मधलं भोक फार मोठं वाटलं, तर पाचऐवजी चार साखळ्यांची अंगठी करा.

आणि ती सेफ्टी पिन? दुधाला उकळी आली, दारावर कुणी आलं, मूल रडलं, उठावं तर लागतंच. उठण्याआधी सुईवरचा फास जरा मोठा ओढून त्यात सेफ्टी पिन अडकवा. म्हणजे काम सुटत नाही. फेरीतले किती टाके झाले तेही एका कागदावर लिहून ठेवा. आपल्याला अखंड दोन तास कोण देणार? तुकड्या-तुकड्यांतच शिकायचं आहे, तेव्हा तशी तयारी ठेवलेली बरी.

दोन थरांचा गुलाब

पाच पाकळ्यांची दहा-बारा फुलं झाली, हात बसला, की हा गुलाब करा.

सहा साखळ्यांची अंगठी करा. पाच साखळ्या घाला. यांतल्या तीन म्हणजे पहिला खांब आणि दोन म्हणजे मधली जागा. मग अंगठीत एक खांब, दोन साखळ्या, असं पाच वेळा करा. सुरुवातीच्या पाचांतल्या तिसऱ्या साखळीत सरकता टाका घालून जोडा. सहा खिडक्या झाल्या.

प्रत्येक खिडकीत एक मुका खांब, एक अर्धा खांब, तीन खांब, एक अर्धा खांब, एक मुका खांब. सहा पाकळ्या झाल्या. जोडून घ्या.

आता पाकळ्या पुढे वाकवून मागच्या बाजूने काम करायचं. चार साखळ्या घाला आणि पहिल्या फेरीतल्या पुढच्या खांबाच्या अंगाभोवती मागून सुई घालून एक मुका खांब घाला. असं सहा वेळा. पाकळ्यांच्या मागे सहा कमानी तयार होतात.

प्रत्येक कमानीत एक मुका खांब, एक अर्धा खांब, पाच खांब, एक अर्धा खांब, एक मुका खांब. मागच्या पाकळ्या मोठ्या होतात आणि पुढच्या त्यांवर उठून दिसतात.

हा थरांचा गुलाब आयर्लंडच्या क्रोशातला. तिकडे १८४५ सालापासून बटाट्याचं पीक रोगाने गेलं आणि मोठा दुष्काळ पडला. तेव्हा मठांतल्या जोगिणींनी गरीब बायकामुलींना क्रोशे शिकवलं. गुलाब, पानं असे सुटे भाग विणून ते जाळीने जोडायचे आणि लेस विकायची, अशी ती पद्धत. या फुलांवर तेव्हा कित्येक घरांची चूल पेटली आहे.

‘तुला काय, बसल्या बसल्या होतं!’

आपल्या देशातही असं एक गाव आहे. आंध्रातलं नरसापूर, गोदावरीच्या काठचं. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे ती लेस परदेशी जायला लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या बायकांवर १९८२ साली एक पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं : बायका दिवसाचे कितीतरी तास विणतात, माल जगाच्या बाजारात जातो, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नाही. त्या ‘घरी बसणाऱ्या गृहिणी’ आणि त्यांचं काम ‘फावल्या वेळातलं’. म्हणून मजुरीही तशीच, नावापुरती.

हे वाचून मला नवल वाटलं नाही. तुमचं फूल चांगलं जमायला लागलं की तुम्हालाही अनुभव येईल. कुणी वन्सं, कुणी शेजारीण म्हणेल, ‘आमच्या पिंकीच्या रुखवताला एक तोरण दे ना करून. तुला काय, बसल्या बसल्या होतं!’ प्रेमाने करायचं असेल तर जरूर करा. आपल्या माणसाला दिलेल्या वस्तूचा हिशेब नसतो. पण निदान आपल्याला तरी तो माहीत असावा. तीन फुटांचं दार, दोन इंचांचं फूल, मध्ये अर्ध्या इंचाची जागा, म्हणजे चौदा फुलं. सरावाच्या हाताला एका फुलाला वीस मिनिटं धरली तरी नुसत्या फुलांना चार तास चाळीस मिनिटं. जोडणं, टोकं लपवणं, धुणं, खळ देणं वेगळंच. विकत द्यायचं ठरलं तर आधी तास मोजा, त्यात दोऱ्याचे पैसे मिळवा, मग किंमत सांगा. सांगताना मान खाली घालू नका.

खळ आणि ठेवण

फुलं कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. सुती दोऱ्याच्या फुलांना साबुदाण्याची पातळ, गाळलेली खळ द्या. मग जाड टॉवेलवर पाकळी न् पाकळी सरळ करून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी टोचून सावलीत वाळू द्या. साखरेच्या पाकाने फुलं कडक होतात हे खरं, पण आपल्या हवेत दाराला लावलेलं तोरण मुंग्यांच्या वाटेवर जातं! ठेवताना खळ धुऊन टाका, जुन्या मलमलीत गुंडाळा आणि पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवा, पण कपड्याला चिकटून नव्हे. वर्षातून एकदा ऊन दाखवा. आम्ही दाखवलं असतं तर उंदराचं वेळीच कळलं असतं.

तोरणाचं काय झालं?

तीन आठवडे गेले. लोकरीची सोळा फुलं झाली, मग बारीक दोरा घेतला. तीन फुलं करून मी आईच्या तोरणात बसवली. टाके बरोबर होते, मापही बरोबर होतं. पण माझा दोरा नवा, पांढराशुभ्र, आणि आईची अकरा फुलं साठ वर्षांत सायीसारखी पिवळसर झालेली. तीन फुलं लांबून ओळखू येत. मी म्हटलं, चहाच्या पाण्यात बुडवते, म्हणजे रंग जुळेल. आई नको म्हणाली. ‘असू दे. कोण कुठून कुठवर आलं ते दिसू दे की.’

लग्नात ते तसंच लागलं. नंतर ते धाकटीच्या घरी गेलं, दर दिवाळीला तिच्या दारावर लागतं. आई आता नाही. अर्ध्या पाकळीचं ते पिवळं लोकरीचं फूल मात्र माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याला आहे. ते आईनेच तिथे बांधलं होतं. कुलूप उघडताना रोज अंगठा त्यावरून फिरतो आणि मी मनात मोजते : अकरा.

तेव्हा, पत्र लिहिणाऱ्या भगिनी, उद्या दुपारी फिकी लोकर घेऊन बसा. पाच साखळ्या, दहा मुके खांब, पाच पाकळ्या. फूल वाकडं आलं तर येऊ दे. त्यावर तारीख लिहिलेला कागद बांधून डब्यात ठेवा आणि दुसरं सुरू करा. नणंदबाई हसल्या तर त्यांच्याही हातात एक सुई द्या.

पुढच्या वेळी फुलांच्या जोडीला हिरवं पान कसं करायचं आणि सगळी फुलं कमानींनी कशी गुंफायची ते सांगेन. तोवर दहा फुलं तरी तयार ठेवा हं!

तुमची,
ताई